प्रसादाचा रकाना

भूल द्यायला ईथर बरं की पाठीतली सुई बरी, हे ठरवणारी वही माझ्याकडे आली ती मी फार हुशार होते म्हणून नव्हे. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. नुकतीच डॉक्टर झाले होते, ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या एका इस्पितळात कामाला लागले होते, आणि सगळ्यांत नवी असल्यामुळे जे काम कुणालाच नको ते माझ्या वाट्याला येई. तशी ही वही आली.

संस्थान विलीन होऊन मध्य भारत हा नवा प्रांत झाला होता. राजधानी थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. त्यामुळे जी फाईल हवी ती नेमकी दुसऱ्या गावी असायची. दरबारच्या नोकरीतली माणसं नव्या चौकटीत बसवायचं काम चाललं होतं. कोण कुणाच्या वर, कुणाकडे कोणतं सर्टिफिकेट, कुणाची जागा राहणार आणि कुणाची जाणार. आमच्या माधवगंजच्या घरात जेवताना दुसरा विषय नसे. वडील दफ्तरात होते. वरणभात कालवताना ते याद्यांतली नावं मोजत, आणि आई म्हणे, भात निवतोय, याद्या कुठे पळून जात नाहीत.

इस्पितळातही तेच. इंदूरकडून बदलून आलेले सर्जन आमचे नवे साहेब झाले होते. हात अतिशय चलाख, बोलणं कमी, आणि जुन्या संस्थानी पद्धतींवर राग. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांना ते स्वतः पाठीच्या कण्यात सुई देत. कमरेखालचं शरीर बधिर होई, रोगी जागाच राही, आणि साहेब हात धुऊन कापायला उभे. भूल द्यायला निराळा माणूस लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो निराळा माणूस आमच्याकडे होता. त्यांना सगळे काका म्हणत. पन्नाशी उलटलेले, मिश्या पांढऱ्या, घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं. वडील-आजे शिलेदार. हे मात्र तरुणपणी दरबारच्या इस्पितळात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून लागले आणि एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली क्लोरोफॉर्म आणि ईथर द्यायला शिकले. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, इंग्रजी वाचता येत नाही. नव्या चौकटीत त्यांना बसवायला खुर्चीच नव्हती. साहेबांनी वर कळवलं की दोन्ही पद्धती काही महिने पडताळून पाहतो आणि मग या जागेचं काय करायचं ते लिहितो. मंगळवारी ईथर, शुक्रवारी सुई. निरीक्षणं मी लिहायची. म्हणजे काकांची नोकरी माझ्या चांगल्या अक्षरावर येऊन ठेपली होती, आणि हे त्यांना, मला, साहेबांना, पार वॉर्डातल्या आयाबायांनाही ठाऊक होतं.

वही साहेबांनी स्वतः आखून दिली. रोग, पद्धत, गुंगी यायला लागलेला वेळ, पोटाचे स्नायू सैल की ताठ, नाडी, ओकारी, नंतरचा खोकला, नंतरची डोकेदुखी, शेरा. सगळं इंग्रजीत. मला ती आखणी फार आवडली होती. मी रेघा लाल शाईने पुन्हा ओढल्या.

आता इतक्या वर्षांनी कोणी विचारलं तर मी सांगेन की दोन्ही पद्धतींत दम होता आणि दोन्हींत खोट होती. काकांचं ईथर बघण्यासारखं असे. तारेच्या मुखवट्यावर गॉजच्या घड्या, तो नाकातोंडावर धरायचा आणि बाटलीतून थेंब थेंब सोडायचं. डाव्या हाताने जबडा उचलून धरलेला, त्याच हाताचं एक बोट जबड्याखालच्या नाडीवर. कान श्वासाकडे. रोगी आधी हातपाय झाडे, शिव्या देई, मग निजे. काका कधी घड्याळाकडे बघत नसत. साहेब म्हणाले पोट ताठ आहे, की चार थेंब जास्त. श्वास बदलला, की मुखवटा दूर. उन्हाळ्यात ग्वाल्हेरची हवा अशी की ईथर मुखवट्यावर पडायच्या आधीच उडून जाई. म्हणून काका बाटल्या ओल्या वाळूच्या कुंडीत पुरून ठेवत आणि खिडक्यांच्या वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून घेत. एप्रिल-मेमध्ये ऑपरेशनं पहाटे उजाडता उजाडता सुरू व्हायची ती त्यांच्या हट्टामुळे. पण ईथरची माणसं नंतर दिवसभर ओकत, खोकत, आणि टाके धरून विव्हळत. तेही मी लिहिलं.

सुईचं उलट. पोट असं मऊ होई की साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. ओकाऱ्या कमी, खोकला नाही. मात्र कधी नाडी एकदम मंदावे, रक्तदाब खाली जाई, आणि मग धावाधाव. वरच्या पोटाचं काम असलं तर रोग्याला आत ओढल्यासारखं कळे आणि तो घाबरे. दाल बाजारातले एक व्यापारी तर पोट उघडं असताना पडद्याआडून शांतपणे म्हणाले, "साहब, जल्दी नहीं है, आराम से कीजिए." थिएटरमध्ये हसले नाहीत ते फक्त साहेब. नंतर त्या व्यापाऱ्याचं डोकं आठवडाभर दुखत होतं. तेही लिहिलं.

काका माझ्या वहीकडे कधी वाकून बघत नसत. बघून उपयोगही नव्हता. एकदाच, हात धुताना, म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्ही खुशाल लिहा. माझ्या बाजूने नका लिहू. पण जे दिसेल ते पूरा लिहा." मी हो म्हटलं. त्यात काय कठीण आहे, असं मला वाटलं होतं.

त्यांची एक सवय मात्र मला खटके. पूर्वी ते ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डात जाऊन रोग्याशी गप्पा मारत. साहेबांनी ते बंद केलं आणि छापील फॉर्म आणला. त्यात 'पोट रिकामे' या शब्दांपुढे हो किंवा नाही लिहून मी सही करायची. हे मला पटलं. गप्पांपेक्षा फॉर्म बरा. पण काकांची जित्याची खोड जाईना. थिएटरमध्ये रोग्याच्या डोळ्यांना व्हॅसलीन लावता लावता ते कानाशी लागून विचारत, देवाचं तीर्थ, प्रसाद काही झालं का? मराठी रोग्याला मराठीत, हिंदी रोग्याला हिंदीत, मुसलमान असला तर दर्ग्याचा तबर्रुक घेतला का म्हणून. मला वाटे, धीर द्यायला विचारतात. भाबडा माणूस आहे. आम्ही इथे विज्ञान करतोय आणि हे भटजीबुवांसारखे प्रसादाची चौकशी करतायत. हे मी घरी आईला सांगून हसलेही होते.

मग तो मंगळवार आला.

माधवगंजातल्याच एका घरातली बाई होती. चाळिशीच्या आसपास, पोटात मोठी गाठ, पाच-सहा महिन्यांच्या गरोदरपणाएवढी. घराणं जुनं, दरबारच्या पूजाअर्चेतलं. नवरा आता शाळेत शिकवत होता. घाई नव्हती, पण गाठ वाढत होती आणि बाई घाबरली होती. आदल्या संध्याकाळी मी त्यांना बजावलं की रात्रीपासून काही खायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. सकाळी फॉर्म घेऊन गेले. घरचे चौघेजण खाटेभोवती, कपाळांना ताजं गंध. मी विचारलं, काही खाल्लं, प्यायलं? बाई म्हणाल्या, "नाही हो. तुम्ही सांगितलंत तसं. रात्रीपासून उपाशी आहे." नवऱ्यानेही मान हलवली. दोघंही खरं बोलत होते. मी हो लिहिलं आणि वळणदार सही केली.

थिएटरमध्ये बाईंना टेबलावर घेतलं. साहेब हात धुऊन तयार. मी वही उघडून रोगाचं नाव लिहिलं. काकांनी मुखवट्यावर गॉज बसवलं, बाटली वाळूतून काढली, व्हॅसलीन लावलं, आणि खाली वाकून नेहमीचा प्रश्न विचारला.

बाईंचा चेहरा एकदम फुलला. "हो तर," त्या म्हणाल्या. "पहाटे घरी अभिषेक झाला. हे पंचामृत घेऊन आले, शिऱ्याचा प्रसाद घेऊन आले. वाटीभर घेतला सगळा. आता मला कसली भीती नाही."

काकांनी बाटलीला बूच लावलं.

ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. भरल्या पोटी ईथर दिलं की गुंगीत ओकारी येते, आणि झोपलेल्या माणसाला ती गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. ती फुप्फुसात जाते. दूध, दही, तूप आणि वाटीभर शिरा, त्यावर ईथर. ती बाई टेबलावरच गेली असती, आणि फॉर्मवर माझी सही होती.

आणि ती बाई मूर्ख नव्हती. आमच्या घरांत प्रसाद म्हणजे खाणं नव्हेच. उपासाला मोडत नाही, शिवाशिवीत अडत नाही, पोट बिघडलेल्यालाही नाही म्हणता येत नाही. मी स्वतः त्या सकाळी घाईत निघताना आईने हातावर ठेवलेला पेढा तोंडात टाकला होता, आणि कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की उपाशीच आले. हे सगळं मला जन्मापासून ठाऊक होतं. फॉर्म हातात आला आणि मी ते विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काकांनी साहेबांना सांगितलं, आज भूल देता येणार नाही, पोट भरलेलं आहे. साहेब चिडले. फॉर्मवर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं. मी फॉर्म पुढे केला. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, घरच्यांनी मागाहून काही दिलेलं दिसतंय. साहेबांनी हातमोजे काढून टाकले. म्हणाले, घाईची केस नाही, शुक्रवारी सुई देऊन करू. मग मला म्हणाले, वहीत रद्द म्हणून नोंद करा, मंगळवारच्या यादीत.

दुपारी मी काकांना गाठलं. ते बाहेर लिंबाखाली बाकावर बसून डबा खात होते. मी विचारलं, तुम्ही हे सगळ्यांना विचारता ते यासाठी? त्यांनी घास खाली ठेवला. दरबारच्या काळातली गोष्ट सांगितली. ऐन उमेदीतला एक माणूस, पुजाऱ्याच्या घरचा, सकाळी देवळातून सरळ इस्पितळात आलेला. मुखवटा ठेवून पाच मिनिटं झाली नसतील. "त्याला मी पूछलं होतं, खाल्लं का," काका म्हणाले. "तो नाही म्हणाला. झूठ नव्हता बोलला. मलाच पूछता आलं नव्हतं." त्यानंतर त्यांनी एकाही रोग्याला हा प्रश्न चुकवला नव्हता.

संध्याकाळी मी वही उघडून बसले. शेऱ्याचा रकाना अर्ध्या बोटाएवढा होता, पण पान उलटून लिहिता आलं असतं. मी काय लिहायला हवं होतं ते मला अगदी स्पष्ट कळत होतं. भूल देणाऱ्याने प्रश्न विचारल्यामुळे रोग्याचा जीव वाचला. फॉर्म चुकीचा भरला होता. फॉर्म भरणारी मी. तीन वाक्यं. माझीही जागा कच्चीच होती. बायकांना डॉक्टर करून काय मिळालं, असं म्हणणारे इस्पितळात कमी नव्हते. मी लिहिलं, 'ईथर. पोटात अन्न आढळल्याने रद्द.' कुणाला आढळलं ते लिहिलं नाही. अक्षर मात्र सुंदर होतं.

शुक्रवारी बाईंना सुई दिली. साहेबांनी घमेल्यात मावेना अशी गाठ काढली. बाई जाग्या होत्या, ओकारी नाही, काही नाही. दहा दिवसांनी चालत घरी गेल्या. ती नोंद सुईच्या यादीत गेली. मी तीही केली, नाडी आणि वेळेसकट. म्हणजे ज्या बाईला काकांनी वाचवलं ती मंगळवारी त्यांच्या नावावर वजा झाली आणि शुक्रवारी सुईच्या नावावर जमा. कानामागून आली आणि तिखट झाली.

साहेबांना मी दोष देत नाही. त्यांनी वही वाचली आणि वहीत होतं तेच वर कळवलं. सुई श्रेष्ठ, वेगळ्या माणसाची जरूर नाही. त्या एका नोंदीने सगळं फिरलं असतं असं मी म्हणणार नाही. कदाचित काकांची जागा तशीही गेली असती. तसे हुकूम त्या वर्षी ढिगाने निघत होते. पण कदाचित नसतीही गेली. ते कळायची वाट मीच बंद केली होती.

हुकूम आला. आम्ही थिएटरच्या बाहेरच्या खोलीत चहा केला, बाड्याच्या चौकातून हार आणि मिठाई आणली. साहेबांनी दोन चांगली वाक्यं बोलून दाखवली. निघताना काका माझ्यापाशी थांबले. हातात फक्त छत्री होती.

"डॉक्टरीणबाई, त्या माधवगंजच्या बाईंचं वहीत लिहिलंत का?"

"लिहिलं, काका," मी म्हटलं. "सगळं लिहिलं."

त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललेय, रोग्यांशी तर रोजच. पण इतकं हलकट खोटं पुन्हा बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक रोग्याला प्रसादाचं विचारू लागले. पुढे मध्य भारतही गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. याद्या पुन्हा निघाल्या. या खेपेला त्यांत माझं नाव होतं, राहणाऱ्यांत. आमचे साहेबही एका यादीत सापडून जबलपूरला गेले. मी मधल्या काळात बाहेर जाऊन भूल देण्याचंच शिक्षण घेऊन आले होते. आता नळ्या होत्या, यंत्र होतं, शिरेतून द्यायची औषधं होती. काकांची वाळूची कुंडी आवारात पडून होती आणि माळ्याने तिच्यात तुळस लावली होती. फॉर्म नवा आला, हिंदीत छापलेला. त्याच्याखाली मी प्रत्येक वेळी हाताने एक ओळ वाढवत असे. तीर्थ, प्रसाद, तबर्रुक, घेतला की नाही. हाताखालची नवी डॉक्टर मुलं हसत. मला माझंच हसणं आठवे.

आणि एक दिवस काका आले. मूत्राशयात मोठा खडा, पोट उघडून काढायचा होता. मिश्या होत्या तशाच, अंग अर्धं झालेलं. दोन मुलं बरोबर होती, ती आपसांत हिंदीतच बोलत होती. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि खाटेशेजारी स्टूल ओढलं. फॉर्म हातात होता. तो भरायच्या आधी मी काकांना सांगून टाकलं. त्या मंगळवारचं मी काय लिहिलं होतं आणि काय गाळलं होतं. का गाळलं तेही.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला मालूम होतं. पूरं लिहिलं असतं, तर साहेबांनी मला बोलावून एकदा तरी विचारलं असतं."

म्हणजे त्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं. तरी निरोपाच्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. मला सांगायची एक संधी दिली होती, आणि मी ती घेतली नव्हती. मला तोंड वर करवेना. मी फॉर्मकडे बघत विचारलं, ईथर-गॅस देऊ की सुई?

"खालचं पोट आहे. सुईच बरी," ते म्हणाले. "तुमच्या साहेबांचं ते बरोबर होतं. आणि जागा राहीन, तर काय लिहिता ते बघता येईल."

ते हसत होते. मी हसले नाही. मी विचारलं, "देवाचं काही घेतलंत का?"

"नाही. घरी सांगून ठेवलंय, प्रसाद उद्या."

फॉर्मच्या तळाशी मी ती ओळ लिहिली, या वेळी मराठीत, त्यांना वाचता येईल अशी. तीर्थ-प्रसाद, घेतलेला नाही. त्यापुढे आणखी लिहिलं, हा प्रश्न विचारायला या रुग्णानेच आम्हाला शिकवलं. खाली सही केली आणि कागद त्यांच्यासमोर धरला. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी तो हात लांब करून धरला आणि ओठ हलवत सावकाश वाचला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले, आणि कागद मला परत दिला.